विरजणाची वाटी आणि चौदा पावलं

खराबवाडी, चाकण
११ ऑगस्ट २०२४

गोजाक्का,

तुझ्या पायावर डोकं ठेवून अंबू लिहिते. मागच्या आठवड्यात फोन लावला होता. तुझ्या सोनबानं तो तुझ्या कानाला धरला, आणि तू नुसती "कोण? कोण?" करत राहिलीस. मी इकडून ओरडून ओरडून सांगतेय, अगं मी अंबू, तुझी बहीण. शेवटी खालच्या मजल्यावरचा एक जण झोपेतून उठून वर आला, "आजी, काय झालं?" म्हणून. मग सुजितच म्हणाला, आजी, पत्र लिही की. मोठ्या आजीला वाचता येतं. तू चौथी शिकलीस, मी दुसरीतून शेळ्यांमागं गेले. अक्षर वाकडं दिसलं तर तूही मान वाकडी कर आणि वाच.

बाहेरचं खाऊन सुजितचं पोट बिघडलं म्हणून चार महिन्यांसाठी आले होते, ते आता दुसरं वर्ष चालू आहे. बाकी बरं चाललंय. बिल्डिंग तीन मजली, तेवीस खोल्या. मालक लक्ष्मणराव इथलेच जुने शेतकरी. जिथं आता जिना आहे तिथं त्यांची कांद्याची चाळ होती म्हणतात. आले तेव्हा पहिल्याच दिवशी मी शेंगदाण्याची चटणी कुटायला खलबत्ता काढला, तर धावत आले. "आजी, कुटू नका. हितली निम्मी माणसं दिवसाची झोपत्यात. रात्रपाळी आस्ती." तेव्हापासून खलबत्ता कॉटखाली आहे. दुपारी गॅलरीत उभी राहिले की नुसत्या चपला दिसतात. दारात चपला असल्या तर माणूस आत झोपलेलं, नसल्या तर कामावर. बोलायला दोन्ही वेळी कोणी नाही. पण तक्रार नाही गं, सांगायचं म्हणून सांगितलं.

समोरच्या खोलीत मात्र योगिनी आहे. हिंगोलीकडची पोरगी, बत्तीस-तेहतीसची. नवरा नांदत नाही, विषय काढला की ती गॅसची शेगडी पुसायला लागते, म्हणून मी काढत नाही. ती सुजितच्याच कंपनीत आहे, ठेकेदाराकडून, हेल्पर म्हणून. साडेपाचला आली की तिचं दार उघडं असतं. मी वाटी घेऊन जाते विरजण मागायला. मग चहा होतो. तिचे पाय सुजलेले असतात. म्हणते, "आजी, कंपनीत दिवसभर सामान आणून द्यायचं काम. रोज आळंदीला जाऊन येईन एवढं चालते, पण देव काही दिसत नाही." मी तिच्या तळपायांना खोबरेल तेल चोळते. लाजते आधी, मग डोळे मिटते.

तुला एक खरं सांगू का? विरजण माझ्याकडं उरतं. मी मुद्दाम दही सगळं संपवते. कधी कधी तर भूक नसताना.

आता मुख्य सांगायचं ते राहिलंच. आपल्या सुजितला कंपनीनं ट्रेनिंगला निवडलं! चाळीसातून सहा जण. जपानी लोकांची काही शिस्त आहे. काम तेच, पण रोज थोडं थोडं सुधारायचं, आणि जे वाया जातं ते शोधून काढायचं. शिकवणारे अजिंक्य सर म्हणून आहेत. ते म्हणतात, माणूस उगाच चालला तर तेही वाया, उगाच वाकला तर तेही वाया, सामान उगाच पडून राहिलं तर तेही वाया. त्याला मुडा म्हणतात. घरी आल्यावर सुजितनं लाल चिठ्ठ्या काढल्या आणि वर्षात न वापरलेल्या वस्तूंना चिकटवायला लागला. माझ्या खलबत्त्याला लावली. मी ती काढून त्याच्या व्यायामाच्या वजनांना लावली.

मग एके दिवशी मी भाकरी करत होते तर हा मोबाइलमधलं घड्याळ लावून माझ्यासमोर बसला. काठवट पुढ्यात, पाणी उजव्या हाताला, पिठाचा डबा डाव्या, तवा समोर. एक भाकरी तव्यावर तोवर दुसरी थापून होते, हे काय नवीन आहे का? आईनं आपल्याला असंच शिकवलं. पण हा बघतच राहिला. "आजी, अकरा भाकऱ्या केल्यास आणि एकदाही उठली नाहीस. आमच्या लाइनवर एका ट्रेसाठी चौदा पावलं जायची आणि चौदा यायची." रात्री उशिरापर्यंत वहीत चित्रं काढत बसला होता. पोराच्या तोंडावर असं तेज मी त्याच्या आयटीआयच्या निकालानंतर पहिल्यांदा बघितलं. डिसेंबरात परमनंटची यादी लागणार आहे. तू देवीला सांगून ठेव.

तुझी,
अंबू

*

वाकडी, ता. परांडा
२६ ऑगस्ट २०२४

अंबू,

आशीर्वाद. पत्र पोचलं. मान वाकडी करून वाचलं, अजून दुखते.

शेळी व्याली. दोन पाटी, बोकड नाही. पाऊस बरा आहे. सोनबाची बायको चांगली आहे.

भाकरी तू चांगली थापतेस, पण काठवटीला हात आधी मी लावून दिला, आईनं नाही. आई तेव्हा खुरपायला जायची. नातवाला खरं सांग.

दही मुद्दाम संपवतेस हे वाचून हसले. सून म्हणाली असेल, म्हातारी एकटीच काय हसते. मला तिचं ऐकू आलं नाही, पण तोंड तसं दिसलं.

एक विचारते. ती चौदा पावलं जात होतं कोण?

गोजा

*

खराबवाडी
१५ सप्टेंबर २०२४

गोजाक्का,

दंडवत. तुला आधी काय सांगू आणि मग काय सांगू असं झालंय. मी स्टेजवर गेले होते!

सुरुवातीपासून सांगते. सुजितनं एक घसरगुंडी बनवली. म्हणजे लोखंडी, चाकाचाकांची, उतरती. मागच्या रॅकमधून सामानाचा ट्रे ठेवला की आपोआप घरंगळत काम करणाऱ्याच्या हाताशी येतो, आणि रिकामा ट्रे खालच्या फळीवरून आपोआप मागं जातो. ते लोक गाडीच्या दाराची कुलपं बनवतात, त्यातल्या स्प्रिंगा आणि खिट्ट्या असतात ट्रेमध्ये. आता कोणाला उठायला नको आणि जायला नको. आणि नाव काय ठेवलं माहिती आहे? काठवट. कंपनीच्या फळ्यावर मराठीत लिहिलंय. सगळ्यांत चांगली सुधारणा म्हणून पहिला नंबर आला, आणि अजिंक्य सर म्हणाले, जिच्यामुळं सुचलं त्या आजींना घेऊन या.

मी नऊवारी नेसून गेले. गेटवर टोपी घातली माझ्या डोक्यावर, प्लास्टिकची, पदराच्या वरून. पायात लोखंडी बोटांचे बूट देत होते, ते माझ्या मापाचे नव्हते म्हणून वाचले. आत इतका लख्ख उजेड आणि जमीन इतकी स्वच्छ की सांडलेलं तूप चाटून घ्यावं. पिवळे पट्टे मारलेत, माणसानं पट्ट्याच्या आतूनच चालायचं. मी पट्ट्यावर पाय ठेवला तर एक पोरगा म्हणाला, "आजी, आत या, गाडी येते." घरात चालल्यासारखं चालायची सोय नाही.

फळ्यावर दोन फोटो होते, आधी आणि नंतर. आधीच्या फोटोत एक बाई पाठमोरी, दोन्ही हातांत ट्रे, निघालेली आहे. नंतरच्या फोटोत नुसती काठवट. काय मोकळं दिसत होतं म्हणून सांगू. खाली लिहिलं होतं, वाचलेली पावलं, एका पाळीत अकरा हजार काहीतरी. सुजितनं वाचून दाखवलं. अकरा हजार, गोजाक्का. आपण दोघी जन्मात एवढ्या भाकऱ्या थापल्या असतील का? असतील म्हणा.

स्टेजवर साहेबांनी शाल दिली, भिंतीवरचं घड्याळ दिलं. म्हणाले, आजी, दोन शब्द बोला. मी म्हणलं, शब्द कशाला, पीठ आणा, दाखवते. सगळे हसले. मागं कामगार उभे होते, त्यांत योगिनी होती. तीही हसत होती, टाळ्या वाजवत होती. येताना तिच्याच शेजारी बसले बसमध्ये. तिनं माझा हात धरून ठेवला होता, घरापर्यंत. म्हणलं, पाय कसे आहेत? म्हणाली, "आता एकदम हलके झाले, आजी. आता चालायचं काम नाही, पॅकिंगला बसवलंय." बघ, तिलाही बरंच झालं.

तू विचारलंस कोण जात होतं. असेल कोणीतरी हेल्पर. सुजितला विचारलं तर तो जेवता जेवता उठून पाणी प्यायला गेला.

घड्याळ दाराच्या समोर लावलंय. आवाज थोडा मोठा आहे. दुपारी फार ऐकू येतं.

तुझी,
अंबू

*

वाकडी
३० सप्टेंबर २०२४

अंबू,

आशीर्वाद. शाल बाहेर काढू नको, कसर लागते. कडुलिंबाचा पाला घालून ठेव.

तुझं पत्र तीनदा वाचलं. इथं वाचायला दुसरं काही नाही.

मी एक गोष्ट कोणाला सांगितली नाही, तुला लिहिते. कान गेल्यापासून माणसं माझ्याशी कामापुरतं बोलतात. जेव. गोळी घे. उन्हात बसू नको. सोनबा चांगला आहे, ओरडून सांगतो, पण ओरडून माणूस किती बोलणार. पाऊस कसा झाला, कोणाची सोयरीक मोडली, मारुतीच्या पारावर काय भांडण झालं, हे कोणी ओरडून सांगत नाही. ते सगळं वाया जाणारं बोलणं. माझ्यापुरतं त्यांनी ते काढून टाकलंय. तुझ्या नातवाचा साहेब आमच्या घरी आला तर त्याला लाल चिठ्ठी लावायला एक शब्द सापडणार नाही.

म्हणून तू लांब लिहितेस ते मला चालतं.

त्या फोटोतल्या पाठमोऱ्या बाईचं नाव काय?

गोजा

*

खराबवाडी
१० नोव्हेंबर २०२४

गोजाक्का,

पत्राला उशीर झाला, दिवाळी होती ना. फराळ सगळा घरी केला. चकल्या थोड्या मऊ पडल्या, भाजणी इथल्या गिरणीतली, आपल्याकडच्या जात्यावरची चव कुठून येणार. सुजितच्या मित्रांनी तरी डबाभर संपवल्या. पोरं येतात, खातात, "आजी, एक नंबर" म्हणतात आणि मोबाइल बघत खाली उतरतात. चांगली पोरं आहेत.

सुजितनं मिक्सर आणला. म्हणाला, आजी, चटणी यात कर, कुटायला नको, आवाज होतो म्हणून लोक ओरडतात. मिक्सरचा आवाज खलबत्त्यापेक्षा मोठा आहे, पण तो मिनिटभरात संपतो म्हणून चालतो म्हणे. चटणी होते, पण तेल सुटत नाही. दाण्यांचा भुगा होतो नुसता. त्याचं मन मोडू नये म्हणून मी चांगली झाली म्हणलं.

कंपनीत आता सुजितकडं दुसऱ्या लाइनचं काम दिलंय. अजिंक्य सर त्याला घेऊन फिरतात. लोक येऊन काठवट बघून जातात. परवा कुठून तरी पाहुणे आले होते, टाय घातलेले, त्यांनीही तिचे फोटो काढले. सुजित आल्यावर मी म्हणते, सांग की काय काय झालं, तर म्हणतो, झालं आपलं नेहमीचं. जेवतो, ताट उचलतो, झोपतो. दमत असेल. मोठ्या कामाची जबाबदारी असते.

इथं थंडी पडायला लागली. लक्ष्मणरावांच्या घरी म्हैस व्याली, त्यांनी खरवसाचा चीक पाठवला. त्यांची सून पूनम घेऊन आली होती. दोन मिनिटं बसली. घड्याळाकडं बघून गेली.

दही लावते रोज. आता माझं मीच लावते. बरं लागतं. सुजित म्हणतो तसं चमचाभर मागं ठेवलं की झालं, कुठं जायला नको.

तुझा गुडघा कसा आहे? शेळीच्या पाटी मोठ्या झाल्या असतील. पाटींची नावं काय ठेवलीस ते लिही. सोनबाला आशीर्वाद सांग. इथलं पाणी जरा जड आहे, त्यानं माझे केस फार गळतात, बाकी तब्येत छान आहे.

तुझी,
अंबू

*

वाकडी
२० नोव्हेंबर २०२४

अंबू,

चार पानं लिहिलीस. चकली, मिक्सर, म्हैस, केस. मला पाटींची नावं विचारलीस. तुला माहीत आहे मी शेळ्यांना नावं ठेवत नाही.

चार पानांत योगिनी एकदाही नाही.

काय झालं ते लिही.

गोजा

*

खराबवाडी
५ डिसेंबर २०२४

गोजाक्का,

तुझ्यापासून लपवलं. लहानपणी हंडा फोडला होता तेव्हाही तुझ्यापासूनच लपवायला गेले होते आणि तूच धरलंस.

योगिनी गेली. दसरा झाला आणि तेरा दिवसांनी गेली.

आदल्या संध्याकाळी मी रोजच्यासारखी वाटी घेऊन गेले. तिनं चहा केला. नेहमी चमचाभर देते, त्या दिवशी माझी वाटी काठोकाठ भरून दिली. म्हणाली, "आज सगळंच घ्या, आजी." मी म्हणलं, एवढं कशाला गं, उद्या येणारच आहे की मी. ती शेगडी पुसायला लागली. मला कळायला पाहिजे होतं ना? ती शेगडी कधी पुसते हे मला माहीत होतं. पण मी आपली सांगत बसले, माझी शाल कशी आहे आणि साहेबांनी कसा वाकून नमस्कार केला.

सकाळी दाराला कुलूप. चपला नाहीत. मला वाटलं लवकर कामावर गेली. संध्याकाळी साडेपाचला वाटी धुऊन दारात उभी राहिले. सहा वाजले, सात वाजले. लक्ष्मणराव खोली बघायला वर आले, त्यांनी सांगितलं. "आजी, ती तळेगावला गेली. दाभाड्यांच्या तळेगावला. दुसऱ्या कंपनीत लागली म्हन्ती. हितलं काम सुटलं ना तिचं, तुमच्या सुजितनं ती घसरगुंडी बसवली तवापासनं." त्यांच्या बोलण्यात काही डंख नव्हता. विहिरीचं पाणी उतरलं असं सांगतात तसं सांगितलं.

मी खाली बसले, गोजाक्का, तिच्या दारातच. तू दोनदा विचारलं होतंस. तुला परांड्यात बसून दिसलं, बहिऱ्या बाईला, आणि मी तिच्या पायांना तेल चोळत होते तरी मला कळलं नाही ती पावलं कोणाची होती. फोटोतली ती पाठ मी रोज बघत होते. मोकळं दिसतंय म्हणाले मी.

सुजित आल्यावर विचारलं. ताट पुढ्यात ठेवलं आणि विचारलं. म्हणाला, "तिचे पाय दुखायचे म्हणून केलं होतं, आजी. तूच सांगायचीस ना रोज, सुजतात म्हणून."

मी म्हणलं, "मग?"

"अजिंक्य सर म्हणाले होते, सुधारणेनं कोणाचं काम जात नाही. माणूस दुसरीकडं लावतात."

"मग लावलं का दुसरीकडं?"

"लावलं ना. पॅकिंगला. दसऱ्यानंतर ठेकेदाराची नवी यादी आली, त्यात तिचं नाव नव्हतं. मी सरांना विचारलं. ते म्हणाले, यादी ठेकेदाराची असते. ठेकेदार म्हणाला, जागा कंपनीनं कमी केली."

"आणि तू तिला काय म्हणालास?"

तर ताटाकडं बघत म्हणाला, "मी तेव्हापासून दुसऱ्या जिन्यानं येत होतो."

मी त्याला बोलले नाही. चोरी केली असती तर मारलं असतं. चांगलं करायला गेला आणि शिकला माझ्याकडून.

एक तारखेला तो परमनंट झाला. यादीत तिसरं नाव. देवाला पेढा ठेवला, लक्ष्मणरावांना दिला, आणि हात आपोआप पाच पेढे वेगळे काढून डबीत ठेवून मोकळा झाला. कोणासाठी ते मग लक्षात आलं. डबी अजून फडताळात आहे. पेढे वाळले असतील, उघडली नाही.

घड्याळाचा सेल मी काढून ठेवलाय. सुजितला वाटतं बिघडलं. दोनदा म्हणाला, बघतो, बघतो.

आणि ते काठोकाठ भरलेलं विरजण, त्यातून मी दुसऱ्या दिवशी दही लावलं, त्या दह्यातून पुढचं, त्यातून पुढचं. आधी मुद्दाम संपवायची. आता चमचाभर तरी मागं राहिलं का, हे झोपायच्या आधी दोनदा झाकण काढून बघते. संपलं तर मागायला दार नाही.

अंबू

*

वाकडी
१५ डिसेंबर २०२४

अंबू,

सुजित परमनंट झाला. देवीला नारळ फोडला. ते चांगलंच झालं, त्याला वाईट म्हणू नको.

हंडा फोडलास तेव्हा तुला आईनं काय शिक्षा केली होती आठवतं का? मारलं नाही. ज्यांचा हंडा होता त्या आत्याच्या घरी तुला महिनाभर पाणी भरायला पाठवलं. तू रडत गेलीस आणि दुसऱ्या दिवशी हसत आलीस, आत्यानं गुळाचा खडा दिला म्हणून.

दुसऱ्या जिन्यानं येऊन माणसाचं भागत नाही.

आणि विरजण मागायला कोणी गेलं तर आपल्यात त्याला कोणी नाही म्हणत नाही. घरात नसलं तरी वाटी रिकामी परत पाठवत नाहीत.

गुडघा दुखतो.

गोजा

*

खराबवाडी
२७ डिसेंबर २०२४

गोजाक्का,

दंडवत. तुझं पत्र मंगळवारी आलं. मी बुधवारभर विचार केला आणि काल केलं.

काल गुरुवार. इथल्या कंपन्यांना सुट्टी गुरुवारी असते, हे तुला सांगितलं होतं का? आपला रविवार इकडं गुरुवारी येतो. सुजित उशिरा उठला. मी दूध तापवलं, कोमट केलं, पातेलं पुढ्यात घेऊन बसले. म्हणलं, "सुजित, विरजण संपलं."

तो म्हणाला, "खालून दुकानातून दह्याचा डबा आणतो."

मी म्हणलं, "दुकानातलं नको. योगिनीकडून आण."

"आजी, ती तळेगावला आहे."

"माहिती आहे."

"वीस किलोमीटर आहे. जायचं, यायचं, आणि चमचाभर दही?"

"हो. तेवढंच."

मी वाटी त्याच्या हातात दिली. घासून लख्ख केलेली. तो ती हातात धरून कॉटवर बसला. किती वेळ बसला ते सांगता येत नाही, घड्याळ बंद आहे. मी त्याच्याकडं बघितलं नाही, भिंतीकडं बघत होते. मग त्यानं कोणाला तरी फोन करून तिचा पत्ता विचारला. तोंड धुतलं, शर्ट बदलला. वाटी पिशवीत घातली. पेढ्यांची डबी मीच घातली. उघडून बघितले होते, वाळले होते, पण गोड होते.

गोजाक्का, मी खोटं बोलले. विरजण होतं. पिठाच्या डब्यामागं झाकून ठेवलं होतं. आयुष्यात लेकराशी असं खोटं बोलले नव्हते. पण त्याला तिच्या दारात उभं करायला दुसरं काही सुचलं नाही. माफी माग म्हणाले असते तर गेला नसता, किंवा गेला असता आणि नुसतं ते बोलून आला असता. मागायला गेलेल्या माणसाला थांबावं लागतं.

दुपार फार लांब गेली. दूध थंड व्हायला लागलं की परत शेगडीवर ठेवायचं, बोट घालून बघायचं. तीनदा केलं. चार वाजता समोरच्या खोलीचं दार वाजलं म्हणून धावत उठले, तर नवा भाडेकरू आला आहे, तो झोपेतून उठून कामावर निघाला होता. त्यानं मान हलवली. नाव विचारायचं राहिलं.

पाचनंतर गाडीचा आवाज आला. सुजित वर आला, आपल्याच जिन्यानं. पिशवी माझ्या हातात दिली. वाटीवर ताटली आणि वरून फडकं बांधलेलं. सोडलं तर आत साखर.

मी म्हणलं, "विरजण नाही दिलं?"

म्हणाला, "तिच्याकडं नाही, आजी. ती दही लावत नाही आता."

"का?"

तो खाली बसला. "ती दही खातच नाही म्हणाली. तिला सर्दी होते. लहानपणापासून कधी खाल्लं नाही. इथं असताना रोज लावायची ते तुझ्यासाठी. पहिल्यांदा तू वाटी घेऊन गेलीस, तेव्हा तिच्याकडं नव्हतं. तिनं तुला थांबवलं, आणि दुसऱ्या जिन्यानं खाली जाऊन दुकानातून आणलं होतं. मग रोजच लावायला लागली, तू येतेस म्हणून."

मी रोज मुद्दाम संपवत होते आणि ती रोज मुद्दाम लावत होती, गोजाक्का. दोघींनी एकमेकींना सांगितलं नाही.

सुजित म्हणाला, तिनं आधी दार उघडून फक्त बघितलं. त्यानं बोलायला तोंड उघडलं, तर म्हणाली, "आधी वाटी द्या." चहा केला. तिथं बसून करायचं काम आहे, पाय बरे आहेत. खोली चौथ्या मजल्यावर, शेजारी सगळी पोरं, पाळीपाळीनं झोपतात. निघताना तिनं विचारलं, "आजींचं विरजण संपलंच कसं? मी वाटी भरून दिली होती. आजी एवढ्या बेफिकीर नाहीत." आणि हसली म्हणे. मग साखर भरताना जरा वेळ पाठमोरी उभी होती.

सुजितनं मला हे सगळं सांगितलं, एका दमात, ताट समोर असताना. दोन महिन्यांत एवढं बोलला नव्हता. शेवटी म्हणाला, "आजी, फळ्यावर वाचलेली पावलं लिहायला रकाना आहे. ती पावलं कोणाची, ते लिहायला नाही." मी म्हणलं, जेव आता. जेवला. ताट उचलताना पिठाच्या डब्यामागचं झाकण त्याला दिसलं. बघितलं, आणि डबा परत होता तसा लावला.

साखरेचं काय करायचं ते मी ठरवलेलं नाही. चहात घालावीशी वाटत नाही.

पण रात्री मी दूध विरजलं. माझ्याकडचं विरजण म्हणजे मूळ तिचंच. सकाळी दही असं लागलं होतं की वाटी कलंडवली तरी हलत नव्हतं. येत्या गुरुवारी सुजितला म्हणलंय, गाडीवर मागं मी बसते. तो म्हणाला, आजी, तुला बसता येणार नाही, पाठ धरेल, बसनं जाऊ. बसनं तर बसनं. वीस किलोमीटर वाटी मांडीवर धरून बसायचं आणि सांडू द्यायचं नाही, एवढंच काम आहे. तिला खायचं नसलं तर नको खाऊ दे. दर आठवड्याला मी देऊन येईन, ती परत लावेल, मग मला मागायला जाता येईल.

तुझा गुडघा दुखतो तर करंजाचं तेल चोळ. पुढच्या पत्रात तू लांब लिही. पारावर काय भांडण झालं ते सोनबाकडून पाटीवर लिहून घे आणि मला कळव. मला ते काहीही कामाचं नाही.

तुझी धाकटी,
अंबू